नवा देह आणि जुने अंगवळण

मिशेल सेर (1930–2019) या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने मानवी देहाच्या स्थित्यंतराविषयी जे विचार मांडले, त्यांचा परामर्श मराठीत घेतला जाणे अगत्याचे आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओमिनेसांस’ या ग्रंथाचे नाव त्याने स्वतःच घडविले. त्यातील प्रत्यय आरंभ सुचवितो. आपल्या ‘होऊ लागणे’ यातील ‘लागणे’ जसे सुचविते तसा. माणूस नव्याने माणूस होऊ लागला आहे, हा त्याचा भावार्थ. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके आली, वेदनाशमन सुलभ झाले, आयुष्य लांबले आणि पाश्चात्त्य समाजाचा फार मोठा भाग शेतीपासून दुरावला. वेदना गृहीत धरून जगणारा प्राचीन देह मागे पडून नवा देह अवतरला, असे तो मानतो.

विधान भव्य आहे खरे. परंतु हा देह कोणाचा? उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात कुणबी समाज आजही कंदांची लागवड करतो. वेल सुकला की कंद काढावयाचा, घाव किती अंतरावर घातला असता तो दुखावणार नाही हे ओळखावयाचे, आणि पुढील लागवडीसाठी बियाणे राखावयाचे. हे ज्ञान हातात असते. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: अंगवळणी पडणे. याच तालुक्यात काळी नदीवर 101 मीटर उंचीचे सुपा धरण 1987 साली पूर्ण झाले आणि ज्या सुपा गावावरून तालुक्याला पूर्वी नाव होते, ते गाव जलाशयाखाली गेले. नव्या देहाला विसावा देणारी वीज अशा धरणांतून येते; तिच्यासाठी जुन्या देहाला आपली भूमी सोडावी लागली. सेरच्या वृत्तांतात शेतीचा अस्त हे शतकातील महान स्थित्यंतर ठरते; त्याचे मोल कोणी चुकते केले, हा प्रश्न मात्र तेथे दुय्यम राहतो.

विशेष हे की, या आक्षेपाला बळ सेरच्याच लेखनातून मिळते. देहाच्या विविध रूपांवरील आपला 1999 चा ग्रंथ त्याने व्यायामशिक्षकांना व गिर्यारोहणातील वाटाड्यांना अर्पण केला. देह अनुकरणाने शिकतो, आणि बुद्धीला उमजण्यापूर्वी पुष्कळ काही देहाला कळलेले असते, हा त्या ग्रंथाचा गाभा. हे मान्य केले, तर शेती सुटताना केवळ कष्ट सुटत नाहीत. पिढ्यांनी हातोहात दिलेली विद्याही सुटते. पहिल्या ग्रंथातील ही जाण दुसऱ्यात पुरेशी उतरली नाही, हे सेरच्या विचारातील वैगुण्य होय.

तथापि कष्टांचे उदात्तीकरण करणेही तितकेच अनुचित ठरेल. औषध व दीर्घायुष्य यांवर जोयड्याच्या शेतकऱ्याचाही हक्क आहे. प्रश्न एवढाच की, नवा देह लाभताना जुने अंगवळण कोठे जपावयाचे? कंद खणणाऱ्या आजीचे पोर वर्गात येते, तेव्हा त्याच्या हाताला जे येते त्याला आपण विद्या म्हणतो काय? शिक्षकांनी सेर वाचावा तो या प्रश्नासाठी.