न आलेल्या साथीला पुरस्कार कसा द्यायचा?

संशोधनाची तयारी करताना आपण कायदे वाचतो, योजनांचे शासन निर्णय वाचतो, अहवाल वाचतो. पुरस्कारांचे निकष मात्र सहसा कोणी वाचत नाही. ती बातमीची गोष्ट, फोटो आणि शाल-श्रीफळाची गोष्ट असं आपण धरून चालतो. पण एखाद्या खात्याला नेमकं कोणतं काम मोलाचं वाटतं, हे त्याच्या पुरस्कारांत जितकं उघड दिसतं तितकं धोरणाच्या मसुद्यातही दिसत नाही. म्हणून आज एक वाचन करून बघू. विषय जैवसुरक्षा, प्रदेश नाशिक विभाग.

आधी शब्द स्पष्ट करू. मराठीत 'जैवसुरक्षा' दोन अर्थांनी वापरतात. एक अर्थ प्रयोगशाळेतली खबरदारी. दुसरा अर्थ एखाद्या प्रदेशात रोग, कीड किंवा परका जीव शिरू न देणं, आणि शिरलाच तर लवकर ओळखून अडवणं. इथे दुसरा अर्थ घ्यायचा.

आपण कशाला शाबासकी देतो?

राज्याच्या कृषी पुरस्कारांची नावं तुम्हाला माहीत असतील: डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न, वसंतराव नाईक कृषिभूषण, जिजामाता कृषिभूषण, उद्यानपंडित, शेतीमित्र, शेतीनिष्ठ शेतकरी. शिवाय पीक स्पर्धा आहे, तिथे हेक्टरी उत्पादन मोजून क्रमांक लावतात. निर्यातदारांचे पुरस्कार निर्यातीच्या कामगिरीवर ठरतात. यात चूक काही नाही. पण या यादीत एक सारखेपणा आहे: जवळपास सगळीकडे एका व्यक्तीने किंवा संस्थेने 'काहीतरी करून दाखवलेलं' असतं, आणि ते मोजता येतं किंवा फोटोत येतं.

जैवसुरक्षेचं यश याच्या बरोबर उलट असतं. साथ आलीच नाही, हे तिचं यश. ते दिसत नाही, आणि एकट्याचं तर कधीच नसतं.

डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं बघा. मालेगाव, सटाणा, देवळा या भागात या जिवाणूजन्य रोगाने बागाच्या बागा काढायला लावल्या. रोगट कलमांतून, छाटणीच्या कात्रीतून, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून तो पसरतो. म्हणजे कात्री निर्जंतुक करणारा, रोगट फांद्या बांधावर न टाकता जाळणारा, वेळेवर बाग काढून टाकणारा शेतकरी स्वतःपेक्षा शेजाऱ्याचा जास्त फायदा करतो. त्याच्या सातबाऱ्यावर आणि हिशोबाच्या वहीत मात्र फक्त नुकसान दिसतं. बाग उपटणाऱ्याला 'उद्यानपंडित' कोण म्हणणार?

वेळेचाही प्रश्न आहे

मे २०२२ मध्ये नाशिकला राज्याचे कृषी पुरस्कार दिले गेले, ते २०१७, २०१८ आणि २०१९ या तीन वर्षांचे एकत्र. आयुष्यभराच्या कामाचा गौरव उशिरा झाला तरी त्याचं मोल कमी होत नाही. पण जैवसुरक्षेत वेळ हाच मुद्दा असतो. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. अशा वेळी पहिली खबर देणाऱ्याचं नाव चार वर्षांनी जाहीर झालं, तर बाकीचे त्यातून काय शिकणार?

मग 'रोगमुक्त गाव' पुरस्कार सुरू करावा का?

पहिला विचार हाच सुचतो. गावपातळीवरचे पुरस्कार आपल्याला नवे नाहीत. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आहे, २००७ पासूनची तंटामुक्त गाव मोहीम आहे. समुदायाला गौरवायची सोय केंद्राकडेही आहे: पारंपरिक वाण जपणाऱ्या समुदायांना पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क प्राधिकरण रोख पुरस्कार देतं. म्हणजे 'समुदायाला पुरस्कार देता येत नाही' ही सबब चालणार नाही.

तरीही इथे थांबा. निर्मल ग्राम पुरस्कार मिळालेली काही गावं नंतर पुन्हा उघड्यावरच्या शौचाकडे वळल्याचं पुढच्या पाहण्यांत दिसलं. पुरस्कार 'स्थिती'ला दिला की ती स्थिती एका दिवसापुरती दाखवता येते. रोगाच्या बाबतीत तर धोका याहून मोठा. 'रोगमुक्त' म्हटल्यावर बक्षीस मिळणार असेल, तर पहिलं आजारी झाड किंवा पहिली मेलेली कोंबडी कोण कळवेल? आपण गप्प बसण्यालाच बक्षीस देऊन बसू.

याची किंमत काय असते ते याच विभागाने पाहिलंय. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू नोंदला गेला. सुरुवातीला कोंबड्या मरत होत्या तेव्हा ती मानमोडीच समजली जात होती. नंतर भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केलं, लाखो पक्षी मारावे लागले, देशभर चिकन-अंड्यांचा बाजार कोसळला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांमध्ये रोग सापडला. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

आता पोल्ट्रीवाल्याच्या जागी उभं राहून बघा. खबर दिली तर स्वतःचे पक्षी जाणार, आजूबाजूच्यांचेही जाणार, आणि गावात नाव होणार ते 'याच्यामुळे झालं' असं. जनावरांच्या सांसर्गिक रोगांबाबतचा २००९ चा कायदा खबर देणं बंधनकारक करतो. पण कायदा आहे म्हणून माणूस उठून वाईट बातमी द्यायला जात नाही. नुकसानभरपाई वेळेवर मिळणं आणि गावात मान राहणं, दोन्ही लागतं. पुरस्काराचं खरं काम या दुसऱ्या गोष्टीत आहे. भरपाईची जागा मात्र तो घेऊ शकत नाही. भरपाई न देता शाल पांघरणं ही थट्टा होईल.

बाहेर काय करतात?

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात जैवसुरक्षेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय पुरस्कार आहेत. न्यूझीलंडमध्ये स्थानिक समुदाय, माओरी, उद्योग, विज्ञान असे वेगवेगळे गट केलेत. चांगली गोष्ट ही की समुदाय आणि उद्योग एकाच मापाने तोलत नाहीत. पण जिथे अर्ज किंवा शिफारस लागते तिथे अर्ज नीट लिहू शकणारा पुढे जातो, हा दोष तिथेही असणारच. नाशिकमध्ये द्राक्ष निर्यातीची मोठी कंपनी अर्ज भरेल. तिच्याकडे नोंदी तयारच असतात, कारण ग्रेपनेटमुळे निर्यातीच्या बागेची नोंदणी आणि माल कुठून आला याचा माग ठेवावाच लागतो. पण परसात दहा कोंबड्या पाळणारी बाई? क्रॉपसॅपसाठी शेतोशेत फिरून किडी मोजणारा हंगामी कीड सर्वेक्षक? २००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर उभी राहिलेली ती सगळी देखरेख अशाच माणसांच्या पायांवर चालली. अर्ज ते लिहिणार नाहीत. त्यांना शोधत जावं लागेल.

म्हणून माझं मत असं: जैवसुरक्षेचा पुरस्कार 'रोग नाही' याला नको, 'रोग दिसला आणि लगेच सांगितलं' याला हवा. निकष तीन पुरेत: खबर किती लवकर दिली, शेजाऱ्यांना सोबत घेतलं का, आणि पुढच्या हंगामातही ते काम चालू राहिलं का.

यात तुमचं संशोधन कुठे आहे?

समजा उद्या असा पुरस्कार सुरू झाला आणि त्याचा परिणाम तुम्हाला तपासायचाय. पहिल्याच वर्षी रोगाच्या नोंदी वाढतील. घाईत तुम्ही लिहाल, 'पुरस्कारानंतर रोग वाढला.' प्रत्यक्षात बघणारे डोळे वाढलेले असतील. त्यामुळे नोंदींचा आकडा एकटा वापरू नका. लक्षण दिसल्यापासून खबर पोहोचेपर्यंत किती दिवस गेले, ते मोजा. खबर दिल्यावर तपासणीत खरोखर रोग निघाल्याचं प्रमाण किती, ते बघा. आणि जिथे पुरस्कार नाही असा मिळताजुळता तालुका तुलनेला घ्या. नाहीतर न आलेल्या साथीचं श्रेय कोणालाही देता येतं, पावसालासुद्धा.

विषय शोधत असाल तर एक करा. तुमच्या जिल्ह्यातला कोणताही पुरस्कार घ्या, त्याचे निकष समोर ठेवा आणि प्रत्येक निकषापुढे एकच प्रश्न लिहा: हे गुण मिळवण्यासाठी माणूस काय लपवेल? उत्तरांची यादी पानभर झाली, तर तुमचा संशोधन प्रश्न तिथेच कुठेतरी आहे.