ग्रामीण पाहणीतील कुटुंबांची निवड : एक चिकित्सा

१

ग्रामीण अर्थजीवनावरील प्रबंधांतून एक वाक्य हमखास आढळते : 'गावातील कुटुंबांपैकी शंभर कुटुंबे यादृच्छिक पद्धतीने निवडण्यात आली.' हे वाक्य बहुधा अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात एकदाच येते व पुढे त्याचा उल्लेख होत नाही. नंतरची सर्व कोष्टके, सरासऱ्या आणि कसोट्या मात्र त्याच्याच आधारावर उभ्या असतात. कुटुंबे कोणत्या यादीतून निवडली, ती यादी कोणी व केव्हा केली, निवडलेल्या घरांपैकी किती घरांची दारे बंद आढळली आणि त्यांच्याऐवजी काय केले, ह्यांचा खुलासा नसेल तर ह्या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही.

'यादृच्छिक' ह्या शब्दाचा शास्त्रीय अर्थ 'कसेही' किंवा 'मनास येईल तसे' असा नाही. गावातील प्रत्येक कुटुंबाला नमुन्यात येण्याची संधी असली पाहिजे, ती संधी किती आहे हे अगोदर ठाऊक असले पाहिजे, आणि निवडीत अन्वेषकाच्या इच्छेला वाव असता कामा नये, असा तो अर्थ आहे. अन्वेषक डोळे मिटून गल्लीत शिरला म्हणून त्याची निवड यादृच्छिक होत नाही. ह्या दृष्टीने पाहता प्रबंधांतील बहुतेक दोष अंकांच्या कोष्टकापाशी घडत नाहीत. ते कोष्टक उघडण्यापूर्वी, म्हणजे यादी करताना, आणि ते मिटल्यानंतर, म्हणजे घराच्या दाराशी, घडतात.

२

महाराष्ट्रातील ग्रामपाहणीची परंपरा जुनी आहे. डॉ. हॅरल्ड मॅन ह्यांचा पिंपळे सौदागर ह्या गावावरील ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला, ना. वि. कानिटकर ह्यांच्या सहकार्याने केलेला दुसरा अभ्यास १९२१ साली आला. हा दुसरा अभ्यास शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक ह्या कोरडवाहू गावाचा होता. दोन्ही ठिकाणी नमुना घेतलेला नव्हता; गावातील सर्व कुटुंबांची चौकशी झाली होती. पिंपळे सौदागर येथील १०३ कुटुंबांपैकी ६७ कुटुंबांची सांपत्तिक स्थिती ढासळलेली आढळली. जातेगावात हे प्रमाण शेकडा ८५ च्या घरात गेले. हे आकडे त्या दोन गावांपुरते भक्कम आहेत. परंतु ही गावे हेतुपूर्वक निवडलेली होती. त्यामुळे तेथील निष्कर्ष सबंध दख्खनला किती लागू पडतात, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

त्यानंतर पद्धत बदलली. जर्झी नेमन ह्यांनी १९३४ साली हेतुपूर्वक निवड आणि यादृच्छिक निवड ह्यांतील भेद तात्त्विक पातळीवर स्पष्ट केला. १९५० च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी सुरू झाली, आणि आधी गावे व मग गावातील कुटुंबे अशी टप्प्याटप्प्याची निवड भारतात रूढ झाली. गाव निवडण्याचे काम आता कार्यालयात, जनगणनेच्या यादीवरून होते आणि ते बहुधा निर्दोष असते. मॅन ह्यांच्या अभ्यासात गावाची निवड शंकास्पद, पण गावातील मोजणी पूर्ण होती. आजच्या अनेक लहान पाहण्यांत गावाची निवड चोख असते, पण गावात शिरल्यावर काय झाले हे कळावयास मार्ग नसतो. एक उणीव भरून काढताना दुसरी पदरात पडली आहे, आणि ह्या दुसऱ्या उणिवेकडे अभ्यासकांचे लक्ष कमी आहे.

३

ही उणीव कशी उत्पन्न होते हे पाहण्यासाठी शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे गाव डोळ्यांसमोर ठेवावे. गाव भीमेच्या काठी आहे. नदीपलीकडे दौंड तालुका लागतो. नदीच्या पाण्यावर ऊस उभा राहतो आणि उसाबरोबर माणसे शेतावर राहावयास जातात. अशा गावात गावठाण हे एक वस्तिस्थान असते. त्याखेरीज मळ्यांतून विखुरलेल्या वस्त्या, रस्त्याकडेची नवी घरे आणि हंगामापुरत्या पडलेल्या कोप्या असतात. 'गाव' ह्या एका शब्दाखाली ही सर्व वस्ती येते. परंतु हाती पडणाऱ्या कोणत्याही एका यादीत ती सगळी सापडत नाही.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीसाठी ठेवलेला असतो. त्यात मिळकती असतात, कुटुंबे नसतात. एका घराच्या नोंदीखाली तीन भावांच्या तीन चुली असू शकतात. अन्वेषकाने त्यांपैकी समोर येईल ती चूल घेतली, तर त्या तिघांपैकी प्रत्येकाची संधी एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याच्या मानाने सरासरी एक-तृतीयांश होते, आणि विभक्त झालेली तरुण कुटुंबे नमुन्यात कमी पडतात. मतदारयादी व्यक्तींची असते. जेथे प्रौढ माणसे अधिक, तेथे निवडीची संधी अधिक. सातबाराच्या उताऱ्यावरून खातेदार कळतात, भूमिहीन कळत नाहीत. शिधापत्रिकांची यादी कुटुंबाच्या कल्पनेला सर्वांत जवळची; पण वेगळी चूल मांडलेल्या प्रत्येकाची वेगळी शिधापत्रिका झालेली असतेच असे नाही, आणि परगावाहून आलेल्याचे नाव त्याच्या मूळ गावीच राहिलेले असते.

यादीतील अपुरेपणाचा परिणाम किती होतो हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका गावात ४०० कुटुंबे आहेत : २४० गावठाणात व १६० वस्त्यांवर. गावठाणात भूमिहीन कुटुंबे शेकडा १५, वस्त्यांवर शेकडा ४५. म्हणजे गावठाणात ३६ आणि वस्त्यांवर ७२ मिळून १०८ कुटुंबे, अर्थात सबंध गावात शेकडा २७ भूमिहीन ठरतात. आता यादी फक्त गावठाणाची असेल तर तीतून अंकांच्या कोष्टकाने कितीही काटेकोर निवड केली तरी उत्तर १५ च्या आसपासच येणार. नमुना ४० वरून ८० केला, ८० वरून १६० केला, तर नमुन्यामुळे येणारी त्रुटी घटत जाईल. पण उत्तर २७ कडे न सरकता १५ ला अधिक घट्ट चिकटेल. गावठाणातील २४० च्या २४० कुटुंबे मोजली तरी तेच होईल. मोठा नमुना यादीचा दोष झाकतो आणि चुकीच्या उत्तराला खात्रीचे रूप देतो.

टिपेट ह्यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या यादृच्छिक अंकांच्या कोष्टकात ४१,६०० अंक होते, आणि ते ब्रिटिश जनगणनेच्या अहवालांतून घेतलेले होते. आज संगणक असे अंक क्षणात देतो. परंतु साधन कोणतेही असो, ते यादीत असलेल्या क्रमांकांमधूनच निवड करते. यादीबाहेरच्या घरापर्यंत ते पोचू शकत नाही.

४

यादी करण्याचा खटाटोप टाळण्यासाठी दुसरी एक रीत प्रचारात आली आहे. गावाच्या मध्यभागी उभे राहावयाचे, जमिनीवर बाटली किंवा लेखणी फिरवावयाची, तिचे टोक जिकडे वळेल त्या दिशेने गावाच्या कडेपर्यंत घरे मोजावयाची, त्यांतून एक घर चिठ्ठीने काढावयाचे आणि तेथून पुढे लगतच्या घरांत जात राहावयाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण कार्यक्रमात ३० समूह आणि प्रत्येकी ७ मुले अशा पाहणीसाठी ही रीत वापरली गेली. लसीकरणाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या फरकाने कळावे एवढाच तिचा हेतू होता, आणि त्या मर्यादेत तिने थोड्या खर्चात उपयुक्त काम केले. आक्षेप तिच्या शोधकांवर नसून, तीच रीत कुटुंबाचे उत्पन्न, कर्ज वा जमीनधारणा ह्यांच्या अभ्यासात उचलणाऱ्यांवर आहे.

ह्या रीतीत मध्यभागाजवळच्या घरांना झुकते माप मिळते. मध्यातून निघणारी प्रत्येक वाट देवळाच्या व चावडीच्या जवळून जाते. तेथील थोडी घरे अनेक वाटांवर येतात, कडेची पुष्कळ घरे एखाद्याच वाटेवर येतात. महाराष्ट्रातील गावात मध्य आणि कड ह्यांत केवळ अंतराचा भेद नाही. चावडीभोवती जुन्या वतनदारांची व सधन घराण्यांची घरे असण्याचा संभव अधिक, तर पूर्वास्पृश्यांच्या वस्त्या गावकुसाबाहेर. बाटली फिरली तरी ती ह्या रचनेच्या मध्यभागी ठेवूनच फिरते. शिवाय 'गावाची कड' म्हणजे गावठाणाची कड, असा समज अन्वेषक सहज करून घेतो, आणि तीन किलोमीटरवरच्या मळ्यातील वस्तीची संधी शून्य होते. ज्याची संधी शून्य, त्याला मागाहून कोणताही भारांक देऊन नमुन्यात आणता येत नाही.

मूळचे सातारा जिल्ह्यातील संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे ह्यांनी पीककापणीच्या प्रयोगांत असाच एक दोष दाखवून दिला होता. कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पादन फुगून येते, हे त्यांनी १९४६ साली मांडले. त्याचे एक कारण असे की सीमेवरचे रोप आत धरावे की बाहेर, ह्याचा निर्णय शेतात उभा असलेला माणूस करतो आणि तो बहुधा आत धरतो. शेतातील सीमेवरचे रोप आत ओढले जाते. गावाच्या सीमेवरचे घर बाहेर ढकलले जाते. दोन्हींचे मूळ एकच : नियमाने ठरवावयाची गोष्ट जागेवरच्या माणसाच्या सोयीवर सोडलेली असते.

५

यादी पुरी असली व निवडही नियमाने झाली, तरी दाराचा प्रश्न उरतो. निवडलेल्या घराला कुलूप आढळले की शेजारचे उघडे घर घ्यावे, असा प्रघात आहे. दुपारी घर कोणाचे उघडे असते? ज्याच्या घरातील कोणालातरी मजुरीला जाण्याची गरज नाही त्याचे. अथवा ज्या घरात म्हातारी माणसे आहेत त्याचे. बंद दार हेच त्या कुटुंबाच्या स्थितीचे एक लक्षण असते, आणि शेजाऱ्याची बदली घेतली की नेमके तेच पाहणीतून गळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बदली कुटुंब घेण्यास मुभा नव्हती. पुन्हा जावयाचे, आणि तरीही भेट झाली नाही तर तशी नोंद करावयाची, असा दंडक होता. संध्याकाळी पुन्हा जाणे उसाच्या पट्ट्यात सोपे नाही. वस्त्या दूर, वाट उसातून, आणि शिरूरच्या ह्या भागात बिबट्याचा वावर. पण ज्या अडचणीमुळे अन्वेषक जात नाही, तिच्यामुळेच तेथील कुटुंबांची माहिती सर्वांत कमी मिळते.

ह्याचे सर्वांत गंभीर उदाहरण ऊसतोड कामगारांचे आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून त्यांच्या टोळ्या मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात येतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जानेवारीत भीमाकाठी पाहणी झाली, तर कोपीत राहणारे कुटुंब 'येथील नेहमीचे रहिवासी नव्हे' म्हणून वगळले जाते. त्याच महिन्यात त्याच्या मूळ गावी पाहणी झाली, तर त्याच्या घराला कुलूप असते आणि बदली म्हणून शेजारी घेतला जातो. एका ठिकाणी व्याख्येने व दुसऱ्या ठिकाणी बदलीने, असे हे कुटुंब दोन्हीकडून निसटते. त्याच्या मुलांची शाळा, त्याच्या बायकांचे आजार, मुकादमाकडून घेतलेली उचल, ह्यांतील काहीच कोणत्याही कोष्टकात उतरत नाही. शासनाच्या योजना अशा कोष्टकांच्या आधारे आखल्या जात असतील तर हा दोष केवळ विद्यापीठीय राहत नाही.

६

ह्यावर असा आक्षेप येईल की एकट्या विद्यार्थ्याला, तुटपुंज्या साधनांनिशी, सबंध गावाची यादी करणे शक्य नाही. हा आक्षेप पूर्णतः मान्य करता येत नाही. चार-पाचशे चुलींच्या गावाची नुसती यादी, म्हणजे कुटुंबप्रमुखाचे नाव, वस्तीचे नाव व चुलींची संख्या, हे दोन माणसांचे आठवड्याभराचे काम आहे. शंभर कुटुंबांना दोन-दोन तासांची प्रश्नावली भरावयास लागणाऱ्या वेळाच्या मानाने ते थोडे आहे. गाव मोठे असेल तर त्याचे भाग पाडून त्यांतील एक-दोन भाग नियमाने निवडावेत व तेवढ्यांचीच यादी करावी. उपरोक्त आरोग्य सर्वेक्षणात ३०० पेक्षा अधिक कुटुंबांच्या गावांबाबत हेच केले जाते, आणि नंतर प्रत्येक समूहातून २२ कुटुंबे ठरावीक अंतराने घेतली जातात. शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत वढू येथील आरोग्य-प्रकल्पाने २००२ पासून घरोघरची नोंद वेळोवेळी ताजी ठेवण्याचे काम चालवले. यादी ही एकदा करून ठेवावयाची वस्तू नसून तिची सतत निगा राखावी लागते, हे त्यावरून दिसते.

अन्वेषकाचा प्रभाव तपासण्याचा मार्गही उपलब्ध आहे. प्रा. महालनोबिस ह्यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीप्रमाणे एकाच गावातून दोन स्वतंत्र नमुने काढून दोन वेगळ्या अन्वेषकांकडे द्यावेत. दोन्ही उत्तरांत नमुन्याच्या त्रुटीहून अधिक तफावत पडली तर दोष कामाच्या रीतीत आहे असे समजावे. मात्र दोघेही एकाच अपुऱ्या यादीवर काम करीत असतील तर दोन्ही उत्तरे सारखीच चुकतील. म्हणून यादीची तपासणी ह्या उपायाच्या आधी आली पाहिजे.

प्रबंधात किमान पाच गोष्टी नमूद असाव्यात : यादी कोणती व कोणत्या महिन्यातील, कुटुंबाची व्याख्या, वस्त्या व हंगामी कोप्या धरल्या की वगळल्या, निवडलेल्या व प्रत्यक्ष भेटलेल्या कुटुंबांची संख्या, आणि न भेटलेल्यांची कारणे. ज्याला यादी करणे खरोखरच शक्य झाले नाही, त्याने हेतुपूर्वक निवड केली असे सरळ लिहावे. मॅन ह्यांची दोन गावे हेतुपूर्वकच निवडलेली होती, आणि तरीही एका शतकानंतर त्यांचे ग्रंथ उपयोगी पडतात, कारण त्यांत काय मोजले आणि कोणाला मोजले हे स्पष्ट आहे. ज्या पाहणीत हे स्पष्ट नाही, तीत यादृच्छिकतेचा कितीही उच्चार केला तरी भीमाकाठच्या शेवटच्या वस्तीवरील चूल मोजली गेली की नाही, हे वाचकाला कळणार नाही.