मूळ चीज आणि तिचे दुसरे रूप

गोमती नगरात आमच्या बिऱ्हाडासमोर लग्नसमारंभांचे एक लॉन आहे. देवउठनी एकादशी उलटली की तेथे रात्री डीजे सुरू होतो आणि आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात. रीमिक्स या प्रकाराविषयीचे आमचे मत कित्येक वर्षे या तावदानांनीच ठरविलेले होते. त्यामुळे येथील मराठी मंडळींच्या बैठकीत एका ज्येष्ठ सद्गृहस्थांनी रीमिक्स म्हणजे निव्वळ चोरी, असा अभिप्राय दिला, तेव्हा आम्ही तत्काळ मान डोलावली. ती संमती घाईची होती, असे आता वाटते.

कारण असे घडले की, कचेरीतील एका गोवेकर तरुणाने आम्हांस दोन ध्वनिमुद्रणे ऐकावयास दिली. पहिले 'गामा गॉब्लिन्स'. सायमन पॉसफर्ड या इंग्रज संगीतकाराने 'हॅलुसिनोजेन' या नावाने काढलेल्या 'द लोन डिरेंजर' या १९९७ च्या संग्रहातील ही रचना. (हे टोपणनाव सरकारी नोकराने चारचौघांत उच्चारावे असे नव्हे, पण ते असो.) दुसरे मुद्रण त्याच रचनेचे पुनर्मिश्रण. ते ऑट या दुसऱ्या इंग्रज कलावंताने केले असून 'इन डब' या २००२ च्या संग्रहात आहे.

मूळ रचना गोवा ट्रान्स या जातीची. या जातीत ठोका मिनिटाला सुमारे १४० ते १५० वेळा पडतो व तो सहसा थांबत नाही. त्यावर यंत्रातून निघालेल्या स्वरांच्या वेलांट्या एकीत एक गुंतत जातात. शब्द नाहीत, गायक नाही. प्रथम ऐकताना आम्हांस केवळ धावपळ जाणवली. ऑटने काय केले? त्याने ती धाव काढून घेतली. लय जवळजवळ निम्मी वाटावी इतकी उतरली, खर्ज पुढे आला, आणि स्वरांमागे प्रतिध्वनी सोडून मध्ये मोकळी जागा ठेवली. त्या मोकळ्या जागेत आम्हांस प्रथमच कळले की मूळ रचनेत एक सुरेख चाल दडलेली आहे. द्रुत चीज गवयाने विलंबितात घेतली असता तिच्यातील न दिसलेल्या जागा उमगतात, त्यातलाच हा प्रकार. पुन्हा मूळाकडे वळलो, तो तेथेही ती चाल ऐकू येऊ लागली! टीकाकाराला जे पानेच्या पाने लिहून साधत नाही, ते येथे एका पुनर्मिश्रणाने साधले.

लॉनवरचा डीजे नेमके उलटे करतो. तो भर घालतो. ठोका वाढवितो, मध्येच स्वतःचे नाव पुकारतो, गाण्याच्या दोन ओळी वापरून उरलेले फेकून देतो. त्यात मूळ कृतीविषयी काही समजून घेण्याची इच्छाच नसते. आमची तक्रार रीमिक्सविषयी नव्हती, या बेपर्वाईविषयी होती.

याहून गमतीची गोष्ट त्या तरुणाने सांगितली, व पुढे वाचनातही ती आढळली. १९८० नंतरच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर रात्रभर संगीत वाजविणारे परदेशी डीजे कॅसेटी वापरीत. उन्हाने तबकड्या वाकत. युरोपातील गाण्यांमधला गळा ते कापून टाकीत आणि वाद्यांचा भाग जोडजोडून लांबवीत. या कापाकापीतून जो कान तयार झाला, त्याच्यासाठी पुढे स्वतंत्र रचना होऊ लागल्या. तीच गोवा ट्रान्स. म्हणजे येथे पुनर्मिश्रण आधी आणि मूळ मागाहून!

आणि आपण मराठी माणसांनी तरी चोरीचा शब्द इतक्या सहज वापरावा काय? १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या. त्यांतील अनेकींना याच पूर्वेकडील ठुमरी-दादऱ्याचा आधार आहे. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी रागदारी चिजांना मराठी शब्दांचा देह दिला. त्या पदांवर आपल्या तीन पिढ्या पोसल्या. लखनौत एखाद्या मैफलीत ठुमरी ऐकताना शेजारचा मराठी माणूस हळूच नाट्यपद गुणगुणू लागतो, हे आम्ही पाहिले आहे. त्याच्या लेखी मूळ कोणते, हे त्याला विचारून पाहावे. कैसरबागेत १९२६ साली निघालेल्या विद्यालयाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा जमवून स्वरलिपीत छापल्या. पण तो छापील सांगाडा म्हणजेच चीज, असे कोणताही गवई मानीत नाही.

तरीही ऑटच्या बाजूने संपूर्ण कौल देण्यास आम्ही तयार नाही. मूळ रचना किनाऱ्यावर पहाटेपर्यंत नाचणाऱ्यांची परंपरा सांगते. तीत चढ आहे, दमछाक आहे, आणि त्यानंतरची सुटका आहे. पुनर्मिश्रण हे बसून ऐकण्याचे संगीत. त्यात चढच नसल्यामुळे सुटकाही नाही. शिवाय प्रतिध्वनीचा वापर ऑट कधीकधी सांधे झाकण्यासाठी करतो, असा आम्हांस संशय आहे. कसलेल्या गवयाने तान अडली की हरकत घेऊन वेळ मारून न्यावी तसा.

हे सर्व त्या ज्येष्ठ सद्गृहस्थांच्या कानी घातले. 'मानापमाना'चे नाव निघताच ते किंचित रागावले, मग हसले. पुढील बैठकीत दोन्ही मुद्रणे लावण्याचे ठरले आहे. आधी मूळ लावावे की पुनर्मिश्रण, यावर मात्र अद्याप आमचे एकमत झालेले नाही.