‘विश्राम’चे आकडे आणि परभणीचा प्रश्न

मागच्या वेळी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, “सर, मानसिक आरोग्यासाठी देणगी द्यायची तर नेमकी कुठं द्यावी?” त्या वेळी मी गोलमोल उत्तर दिलं. आज नीट देतो, आणि त्यासाठी एकच प्रकल्प तपासायला घेतो. त्याचं नाव ‘विश्राम’. अमरावती जिल्ह्यातली ३० गावं, पैसा टाटा ट्रस्ट्सचा, मुलूख आपल्यासारखाच कापूस-सोयाबीनचा. म्हणून निवडला.

कल्पना साधी होती. गावातल्याच माणसांना शिकवायचं, त्यांनी घरोघर जाऊन बोलायचं, ज्याला जास्त त्रास त्याला समुपदेशकाकडे आणि गरज पडली तर मानसोपचार डॉक्टरांकडे न्यायचं. आपल्याकडे कुणी ‘नैराश्य’ म्हणत नाही. ‘टेन्शन आलंय’, ‘जीव लागत नाही’, ‘झोप उडाली’ असंच म्हणतात. कार्यकर्ता गावचा असला की हे त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षानं २७.२ टक्के झाले. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ वर आलं. आत्महत्येचे विचार येणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले.

आता टाळ्या वाजवायच्या आधी जरा थांबू. हे पाहणं ‘आधी’ आणि ‘नंतर’ असं आहे. शेजारची, कार्यक्रम नसलेली गावं तुलनेला घेतलेली नाहीत. समजा मधल्या काळात पाऊस बरा झाला, कापसाला भाव मिळाला, तर माणसाचं मन आपोआप हलकं होईल की नाही? म्हणून नैराश्य घटल्याचा आकडा मी जपून वापरतो. आणि तिसरा आकडा विचारांचा आहे, मृत्यूंचा नाही. ३० गावांत मृत्यू मोजून काही सिद्ध करता येत नाही, संख्याच तेवढी नसते. देणगीदारांच्या पत्रकात मात्र हा फरक बरेचदा गळून जातो.

पण पहिला आकडा? चारावरून सत्तावीस? तो पावसानं होत नाही. पीक चांगलं आलं म्हणून कुणी समुपदेशकाकडे जात नाही. माझ्या मते ‘विश्राम’ची खरी कमाई ती आहे, आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

तुलनेसह झालेलं काम हवं असेल तर गोव्यात बघा. ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. एका गटाला नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार. दुसऱ्याला त्यासोबत सहा ते आठ बैठका, डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले, पहिल्यातले ३९. पैसा वेलकम ट्रस्टचा. यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण देत. दर्जा टिकतो तो अशा रटाळ कामानं. आणि देणगीदाराला नेमकं ह्याच कामाचे पैसे द्यायला जिवावर येतं. ‘पगारावर कशाला खर्च?’ अहो, इथं पगार हेच औषध आहे!

उलटं उदाहरणही सांगतो. श्रीलंकेत १८० गावांत प्रयोग झाला, निम्म्या गावांत घरोघरी कीटकनाशकासाठी कुलुपाच्या पेट्या वाटल्या. फोटो छान येतात. विषप्राशन कमी झालं नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर आत्महत्या मोठ्या प्रमाणावर घटल्या. पेटीवर देणगीदाराचं नाव छापता येतं, बंदीवर कुठं छापणार?

आता परभणी. राज्य सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आहे, परभणी त्यातला एक. आशाताई प्रश्नावली घेऊन घरी येतात. १०४ क्रमांक आहे, शिवाय आता टेलिमानसचा १४४१६ आहे. म्हणजे सांगाडा आहे. पण कागदावर ‘जास्त त्रास’ अशी खूण झाल्यावर पालममधल्या बाईनं जायचं कुठं? वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, एसटीनं, जिल्ह्याच्या गावी? गोव्यातली अंतरं आणि जिंतूर-पालमची अंतरं एक नाहीत, हे ‘पुराव्यावर आधारित’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

दानाचा पैसाही इकडे वळत नाही, आणि त्याची कारणं आहेत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्याला द्यायचे, पण आपण जिथं काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यायचं. परभणीत जिनिंग आहेत, साखर कारखाने आहेत, मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं नाहीत. दुसरीकडे पुरावा मागणारा देणगीदार जिथं आधी मोजणी झाली तिथंच पुन्हा जातो: गोवा, अमरावती, मेहसाणा. मोजणी नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून मोजणी नाही. पुराव्याचा आग्रह मला मान्यच आहे. पण पुरावा तयार करायचा खर्चही दानातच धरला पाहिजे, नाहीतर तो आग्रह गरीब जिल्ह्याला दारातच अडवतो.

त्या श्रोत्यांचं मंडळ वर्गणीतून मोठ्या वक्त्याचं ‘सकारात्मक विचार’ ह्यावर व्याख्यान ठेवणार होतं. (वक्त्यानंच व्याख्यानाविरुद्ध बोलणं विनोदी आहे, कबूल.) माझं उत्तर असं: व्याख्यान राहू द्या. जवळच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा, गावातली एक शिकलेली, गप्प ऐकून घेणारी व्यक्ती निवडा, तिच्या प्रशिक्षणाचे, प्रवासाचे आणि वर्षभराच्या मानधनाचे पैसे द्या. आणि पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहा, किती जण आले आणि किती जण दुसऱ्यांदा आले. वर्षानं ती वही घेऊन या, आपण इथं बसून वाचू.