भूमी, वसाहत आणि माणूस : क्रेव्हकरच्या बारा पत्रांचा विचार

अमेरिकन वाङ्मयाच्या इतिहासात क्रेव्हकरचे नाव बहुधा एकाच प्रश्नापुरते घेतले जाते. अमेरिकन म्हणजे कोण, हा तो प्रश्न. ‘एका अमेरिकन शेतकऱ्याची पत्रे’ हा त्याचा ग्रंथ १७८२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील बारा पत्रांपैकी तिसरे पत्र संकलनकारांनी उचलले आणि उरलेली अकरा अभ्यासकांच्या कपाटात पडून राहिली. युरोपातील दरिद्री माणूस नव्या भूमीत पाऊल ठेवताच नवा माणूस होतो, असे ते तिसरे पत्र सांगते. ते वाचून ग्रंथ समजला असे मानणाऱ्याने तो अर्धाही वाचलेला नाही. जो सिद्धांत तेथे मोठ्या आनंदाने मांडला आहे, त्याची परीक्षा पुढील पत्रांत होते आणि त्या परीक्षेत तो टिकत नाही. माझ्या मते ग्रंथाचे खरे मोल ह्या न टिकण्यातच आहे.

लेखकाचे चरित्र थोडक्यात असे. क्रेव्हकरचा जन्म १७३५ साली फ्रान्समधील कां येथे झाला. कॅनडातील फ्रेंच सैन्यात त्याने नोकरी केली, पुढे इंग्रजी वसाहतींत येऊन नाव बदलले आणि न्यूयॉर्क प्रांतात शेती केली. पत्रे लिहिणारा जेम्स मात्र तो नव्हे. जेम्स हा पेनसिल्व्हेनियातील कल्पित शेतकरी, साधा आणि काहीसा भाबडा. डी. एच. लॉरेन्सने १९२३ मध्ये क्रेव्हकरच्या आदर्शवादाची यथेच्छ थट्टा केली, परंतु लेखक आणि पत्रलेखक ह्यांतील हे अंतर त्याने पुरेसे जपले नाही.

जेम्सचा सिद्धांत भूगोलाचा आहे. माणसे वनस्पतींसारखी असतात. जशी माती, हवा, राज्यव्यवस्था आणि धंदा, तसे फळ. समुद्रकाठचे लोक धाडसी व व्यापारी, मधल्या पट्ट्यातील शेतकरी स्थिर व समाधानी, आणि अरण्याच्या कडेला राहणारे शिकारीच्या नादाने रानटी होत जाणारे. ह्याच पत्राच्या शेवटी अँड्र्यू नावाच्या स्कॉटिश बेटकऱ्याची गोष्ट आहे. चार वर्षांच्या श्रमानंतर त्याच्या मालमत्तेची यादी जेम्स देतो : सहा गाई, दोन घोड्या, गहू, तळघरातील मांस, नांगर, एकूण ६४० डॉलर. स्वातंत्र्याच्या स्तोत्राची समाप्ती जमाखर्चाने व्हावी, हे मला ह्या ग्रंथातील सर्वांत प्रामाणिक स्थळ वाटते. वसाहतीतला मोक्ष डॉलरांत मोजला जातो, हे जेम्स लपवीत नाही.

पुढची पाच पत्रे नँटकेट आणि मार्थाज व्हिनयार्ड ह्या बेटांविषयी आहेत. शिक्षक ती सहसा गाळतात, आणि ती शुष्क आहेत हेही खरे. तथापि नापीक वाळूतून समाज कसा उभा राहतो, ह्याचे इतके बारकाईचे वर्णन त्या काळच्या ललित गद्यात क्वचितच आढळेल. जमीन पिकत नाही, म्हणून सामायिक कुरणावर मेंढ्या आणि समुद्रावर देवमासा. सुमारे दीडशे टनांच्या जहाजावर तेरा माणसे. दोन होड्या, प्रत्येकीत सहाजण : चार वल्ह्यांवर, एक नाळेवर भाला घेऊन, एक सुकाणूवर. तेरावा जहाजावर थांबतो. कोणालाही पगार नाही, प्रत्येकाला ठरलेला वाटा. धोका सर्वांचा म्हणून लाभही सर्वांचा, ही नीती क्वेकर धर्माइतकीच त्या धंद्यातून आलेली आहे, हे जेम्सला अचूक दिसते.

पण त्या तेरांपैकी पाचजण तेथले मूळचे इंडियन असतात, हे तो जाता जाता सांगतो. नँटकेटवरील ३५८ इंडियनांपैकी २२२ जण १७६३-६४ च्या साथीत मरण पावले होते. ज्या सुव्यवस्थेची तो स्तुती करतो, तिच्या पायाखालची ही जमीन. ह्याच बेटावरच्या स्त्रिया रोज सकाळी अफूची मात्रा घेतात, असेही तो नोंदवतो आणि अशा उद्योगी, धर्मनिष्ठ समाजात हे कसे, म्हणून चकित होतो. सिद्धांतात न बसणारी गोष्ट त्याने पुसून टाकली नाही, हे त्याचे श्रेय.

आणि मग नववे पत्र येते. चार्ल्सटन हे दक्षिण कॅरोलिनाचे शहर. वकील, मळेवाले आणि व्यापारी ह्यांची श्रीमंती, मेजवान्या, विलास. ह्या प्रांताची संपत्ती भात आणि निळीची होती. १७०८ च्या सुमारास तेथे गुलाम आफ्रिकनांची संख्या गोऱ्यांहून अधिक झाली होती. दलदलीतील हिवताप टाळण्यासाठी मळेवाले उन्हाळा शहरात काढीत, आणि चिखलात उभे राहणारे मात्र तेथेच राहत. ही भौगोलिक वाटणी जेम्सने स्पष्ट मांडलेली नाही. पण तिचा परिणाम त्याने ओळखला आहे. शहरातील आनंदाला शेतातील आक्रोश ऐकू येत नाही.

एका मळ्यावर जेवायला जाताना रानात त्याला झाडाला टांगलेला पिंजरा दिसतो. आत जिवंत गुलाम. पक्ष्यांनी त्याचे डोळे फोडलेले आहेत. जेम्स काठीला बांधलेल्या पात्रातून त्याला पाणी पाजतो. त्याच्या यातना संपवाव्यात असे त्याला वाटते, पण बंदुकीत गोळी उरलेली नसते. पुढे तो ठरलेल्या घरी जातो. ह्या गुलामाने मुकादमाला ठार केले म्हणून ही शिक्षा, असे त्याला तेथे सांगण्यात येते. गुलामगिरीच्या समर्थनाची नेहमीची कारणे तो ऐकतो, ती सांगत बसत नाही, आणि पत्र संपते.

येथे वनस्पतीची उपमा कोसळते. माणूस मातीचे फळ असेल तर मळेवालाही निर्दोष. दोष हवेचा आणि भाताचा. जेम्सला तसे म्हणवत नाही. तो मनुष्यस्वभावालाच, जवळजवळ सृष्टीच्या कर्त्यालाच, जाब विचारू लागतो. परंतु त्याचा संताप निर्मळ नाही. दुसऱ्या पत्रात आपल्या सुखाची गणना करताना आपले गुलाम विश्वासू आणि निरोगी आहेत, असे हाच जेम्स समाधानाने लिहून गेला आहे. पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद करण्याचा कायदा १७८० साली, म्हणजे हा ग्रंथ निघण्यापूर्वी दोनच वर्षे, केला. न्यूयॉर्कमध्ये ती १८२७ पर्यंत टिकली. उत्तर आणि दक्षिण ह्यांत जेम्स जी रेघ ओढतो, ती त्याच्या स्वतःच्या अंगणातून जाते. मराठी वाचकाला ह्या प्रश्नाची ओळख ‘गुलामगिरी’मुळे आहे, महात्मा फुल्यांनी १८७३ साली तो ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. त्या अर्पणामागे केवढा काळोख होता, हे नवव्या पत्रात दिसते.

बाराव्या पत्रात स्वातंत्र्ययुद्धाने सीमेवरची शेते उद्ध्वस्त होत आहेत. जेम्स राजाचा नाही आणि बंडखोरांचाही नाही. बायकामुलांना घेऊन तो एका इंडियन खेड्यात आश्रयाला निघतो. तिसऱ्या पत्रात ज्या अरण्याने माणूस बिघडतो म्हटले होते, तेच आता आसरा. ह्या पत्राची भाषा काही ठिकाणी नाटकी होते, पण भीती खरी आहे. स्वतः क्रेव्हकर १७८३ मध्ये फ्रान्सचा वकील म्हणून न्यूयॉर्कला परतला, तेव्हा त्याची पत्नी वारली होती आणि घर जळाले होते.

त्या पत्रात जेम्सला सर्वांत मोठी चिंता मुलांची आहे. ती शिकारीला लागली तर रानटी होतील, म्हणून त्यांना नांगराला जुंपून ठेवायचे, असे तो ठरवतो. तेथे बाजार नाही, पैसा नाही. म्हणून प्रत्येकाने पिकवलेल्या धान्याचा तो चोख हिशेब ठेवणार आहे, आणि शांतता झाल्यावर ती रक्कम प्रत्येकाला मालमत्तेच्या रूपाने चुकती करणार आहे. अँड्र्यूची वही अशी अरण्यात जाते.