नोकरीचे समाधान की कामाचे? : शासकीय कर्मचाऱ्यांविषयीच्या अभ्यासांची एक चिकित्सा

प्रस्तावना :
शासकीय कर्मचाऱ्यांच्या कार्यसमाधानावर वाणिज्य, मानसशास्त्र व लोकप्रशासन या विद्याशाखांत सातत्याने लेखन होत असते. प्रश्नावली, पाच बिंदूंची मापनश्रेणी, शेकडेवारी व सरासरी असा या अभ्यासांचा एक परिचित साचा आहे. या साच्यात 'नोकरी' आणि 'काम' यांतील भेद पुसला जातो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सैद्धांतिक आधार :
अशा अभ्यासांत फ्रेडरिक हर्झबर्ग यांच्या द्विघटक सिद्धांताचा आधार वारंवार घेतला जातो. १९५९ साली मांडलेला हा सिद्धांत पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर उभा आहे. यश, मान्यता, जबाबदारी व प्रत्यक्ष काम यांतून समाधान लाभते. वेतन, पर्यवेक्षण व सुरक्षितता यांच्या अभावी असमाधान निर्माण होते, परंतु त्यांच्या उपलब्धतेने समाधान मिळतेच असे नाही, ही त्याची मांडणी. माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो व अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, हा व्हिक्टर व्ह्रूम यांनी १९६४ साली घेतलेला आक्षेप आजही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

विवेचन :
आपल्याकडे मात्र अडचण याहून मूलभूत आहे. स्पर्धा परीक्षेची वर्षानुवर्षे तयारी करणारा उमेदवार बहुधा विशिष्ट कामाची नव्हे, तर 'सरकारी नोकरी'ची आस बाळगतो. तो पुढे 'मी समाधानी आहे' असे नोंदवितो, तेव्हा हे समाधान टेबलावरील कामाचे की लाभलेल्या स्थैर्याचे, हे केवळ त्या उत्तरावरून कळत नाही. त्याच्यापुरती सुरक्षितता ही नोकरीची पार्श्वभूमी नसून नोकरीत येण्याचे कारणच असते.

निवृत्तिवेतनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदान योजना लागू झाली. एकाच कार्यालयात, एकच काम करणाऱ्या दोन लिपिकांचे भवितव्य केवळ नियुक्तीच्या तारखेने वेगळे झाले. मार्च २०२३ मधील राज्यव्यापी संपाची प्रमुख मागणी हीच होती. शासनाने पुढे काही पर्याय खुले केले. तथापि या दोघांची उत्तरे एकत्र करून काढलेली सरासरी दोघांपैकी कोणाचेच खरे चित्र देत नाही.

बदल्यांबाबतही हेच म्हणता येईल. २००५ च्या राज्य अधिनियमाने गट अ, ब व क मधील कर्मचाऱ्यांचा पदावधी सामान्यतः तीन वर्षांचा ठरविला. अपवादात्मक परिस्थितीत मुदतपूर्व बदलीसही वाव ठेवला. मुदतपूर्व बदली झालेला कर्मचारी कामात रमलेला असूनही नोकरीवर नाराज असू शकतो.

समारोप :
म्हणून नोकरीविषयीचे व कामाविषयीचे प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जावेत आणि नियुक्तीची तारीख व बदल्यांची संख्या ही चले मानली जावीत. अन्यथा 'कर्मचारी समाधानी' या निष्कर्षाआड निरस, अधिकारशून्य काम तसेच राहते आणि त्याची झळ खिडकीपलीकडील नागरिकास बसते. अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांच्या निवृत्तिवेतनालाही हीच २००५ ची सीमारेषा लागू झाली होती. त्यामुळे इतरांना प्रश्नावली देण्यापूर्वी आपण ती एकदा स्वतः भरून पाहणे उद्बोधक ठरेल : आपले समाधान अध्यापनाचे आहे की नोकरीचे?