‘तमस’ मालिकेचे प्रारंभदृश्य : अंधार, अवकाश आणि प्रेक्षकाचे साक्षित्व

प्रास्ताविक :
दूरचित्रवाणी मालिकांच्या समीक्षेत कथानक व सामाजिक आशय यांची जितकी चर्चा होते तितकी दृश्यरचनेची होत नाही. भीष्म साहनी यांच्या हिंदी कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेली ‘तमस’ ही मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवरून प्रसारित झाली. ‘अंकुर’ (१९७४) सारख्या चित्रपटाचे छायाचित्रण केलेल्या या दिग्दर्शकाने मालिकेचा अर्थ प्रारंभीच दृश्यातून कसा सिद्ध केला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दृश्यविश्लेषण :
कातडी कमावणारा नत्थू (ओम पुरी) बंदिस्त खोलीत डुक्कर मारण्याची धडपड करतो. जनावरांच्या डॉक्टरला डुक्कर हवे आहे, असे ठेकेदाराने (पंकज कपूर) त्याला सांगितलेले असते. ‘तमस’ म्हणजे अंधार. शीर्षकातील हा अंधार येथे प्रथम प्रकाशयोजनेतून प्रकट होतो. मंद उजेडात नत्थूला समोरचे जनावर जेमतेम दिसते; आपल्या कृतीचा हेतू मात्र मुळीच दिसत नाही. अवकाशाची योजनाही अर्थपूर्ण आहे. अपुऱ्या जागेत मनुष्य आणि पशू दोघेही कोंडले गेले आहेत. पळवाट कोणालाच नाही. हे दृश्य लवकर संपत नाही. त्याच्या लांबीमुळे हिंसा ही क्षणिक उद्रेक न वाटता मोबदला देऊन करवून घेतलेले, घाम गाळायला लावणारे काम वाटते.

दुसऱ्या दिवशी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर आढळते. वस्तू तीच, परंतु स्थान बदलताच ती दंगलीचे चिन्ह ठरते. नगरवासी केवळ चिन्ह पाहतात; प्रेक्षकाने त्या चिन्हाची घडण पाहिलेली असते. त्यामुळे पुढील प्रत्येक अफवेच्या वेळी प्रेक्षक एखाद्या जमातीचा नव्हे, तर सत्याचा साक्षीदार असतो.

या साक्षित्वाची कसोटी न्यायालयातही लागली. मालिकेमुळे तेढ वाढेल, असा आक्षेप घेतला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका प्रत्यक्ष पाहून प्रसारणास अनुमती दिली. सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ मध्ये रमेश विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आक्षेप फेटाळला. परिणाम मोजावयाचा तो विवेकी व खंबीर मनाच्या माणसाच्या दृष्टीने, दुर्बल मनाच्या नव्हे, हे त्या निर्णयाचे सूत्र होय. असा विवेकी प्रेक्षक आयता मिळत नाही. प्रारंभदृश्य तो घडवू पाहते.

तथापि या दृश्याची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. हत्येच्या वेळी ठेकेदार चौकटीबाहेर असतो. सूत्रधार दिसत नाही, ही वास्तवाची अचूक मांडणी होय. परंतु त्यामुळे रक्ताने माखलेले हात स्मरणात राहतात ते केवळ दलित श्रमिकाचे. कृतीचा प्रकाश श्रमिकावर पडतो आणि हेतूचा अंधार सूत्रधाराला संरक्षण देतो.

निष्कर्ष :
प्रकाश, अवकाश व कालावधी या तीन घटकांतून हे दृश्य दंगलीमागील यंत्रणा उघड करते. ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाऐवजी ‘हे कोणी करविले?’ असा प्रश्न विचारण्यास ते प्रेक्षकास प्रवृत्त करते. दृश्यमाध्यमाचे अध्यापन करताना हा फरक विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देणे अगत्याचे आहे.